खोटी गर्दी, खरी परीक्षा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

१६ जुलै २०२१ हा दिवस महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना आठवत असेल. त्या वर्षी करोनामुळे दहावीची परीक्षा झालीच नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लागला होता आणि तो दुपारी एक वाजता संकेतस्थळावर दिसणार होता. एक वाजला. पावणेसोळा लाखांच्या घरातली मुलं, त्यांचे आईवडील, मामा, मावश्या, शाळेतले शिक्षक असे सगळे एकदम त्या दारावर गेले आणि दारच बसलं. बैठक क्रमांक टाका, आईचं नाव टाका, पुढं काहीच नाही. नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. कित्येक तास हाच प्रकार चालू होता.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ही गर्दी अचानक आलेली नव्हती. भूकंप सांगून येत नाही, पूर कधी कधी सांगून येत नाही. पण दहावीला किती मुलं आहेत हे एकेका आकड्यापर्यंत ठाऊक असतं. निकालाची वेळही आपणच जाहीर केलेली असते. म्हणजे पाहुणे किती आणि किती वाजता येणार, दोन्ही माहीत. तरीही पान मांडताना धांदल उडाली. हे का होतं आणि ते होऊ नये म्हणून संगणकाच्या जगात काय करतात, याविषयी आज बोलायचं आहे. त्या कामाला लोड टेस्टिंग म्हणतात. आपण त्याला भारचाचणी म्हणू.

तुम्ही म्हणाल, हा कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, याचा संगणकाशी काय संबंध? संबंध रांगेचा आहे. रेशनची रांग, रेल्वेची रांग, दवाखान्यातली रांग या आपण सगळ्यांनी पाहिल्या. आता या रांगा पडद्याआड गेल्या. पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही, मागच्याचा धक्का लागत नाही; पण रांग आहेच. आणि ज्या रांगेत आपण रोज उभे राहतो, तिची बांधणी कशी होते हे समजून घ्यायला कुठली पदवी लागत नाही.

भारचाचणी हा शब्द तसा जुना आहे. नवा पूल वाहतुकीला खुला करण्याआधी त्यावर भरलेले ट्रक ओळीनं उभे करतात. पूल किती वाकतो ते मोजतात. ट्रक काढल्यावर तो पुन्हा मूळ जागी येतो की नाही हेही मोजतात. ती चाचणी झाल्यावरच तुमची-माझी एसटी त्यावरून जाते. संगणकाच्या आज्ञावलीचंही तसंच आहे. फरक एवढाच, की इथं वजन वाळूचं नसतं, माणसांचं असतं. आणि चाचणीसाठी खरी माणसं बोलावता येत नाहीत, म्हणून खोटी माणसं तयार करतात.

ही खोटी माणसं कशी तयार होतात? आधी एका खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून घेतात. त्यानं पान उघडलं, नाव टाकलं, यादी पाहिली, अर्ज भरला, बटण दाबलं. या सगळ्या हालचालींची एक नोंद होते. मग एक आज्ञावली तीच नोंद शंभर, पाचशे, हजार वेळा एकाच वेळी चालवते. समोरच्या संगणकाला वाटतं, हजार माणसं आली. या माणसांना आभासी वापरकर्ते म्हणतात. ती अगदी यंत्रासारखी वागू नयेत म्हणून त्यांना मध्ये मध्ये थांबायलाही शिकवतात. खरा माणूस पान वाचतो, चष्मा शोधतो, घरातल्यांना विचारतो आणि मग बटण दाबतो. त्या थांबण्याला या व्यवसायात थिंक टाइम म्हणतात. विचार करायला लागणारा वेळ! यंत्राला विचाराची सक्ती करणारा हा शब्द मला फार आवडला.

माझी भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सुट्टीत घरी आली तरी तिचा संगणक उघडाच असतो. एकदा मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर एका बाजूला ती लिहीत असलेली आज्ञावली आणि दुसऱ्या बाजूला वर चढत जाणारी एक रेघ.

मी विचारलं, ‘‘बेटा, हे काय चाललंय?’’

म्हणाली, ‘‘मामू, पाहुणे बोलावलेत. आता शंभर आलेत. दर मिनिटाला आणखी पन्नास येतील.’’

‘‘आणि घरात जागा किती?’’

‘‘तेच तर बघतेय.’’

अडीचशेच्या पुढं ती रेघ एकदम ताडकन वर गेली. एक सेकंदात मिळणारं उत्तर बारा सेकंदांवर गेलं. तिनं लगेच चाचणी थांबवली, आज्ञावलीतल्या चार ओळी बदलल्या आणि पुन्हा पाहुणे बोलावले. या वेळी रेघ पाचशेपर्यंत सरळ गेली. हे सगळं तासाभरात, त्याच खुर्चीवर, त्याच खिडकीत झालं. आजच्या बोलण्याचा खरा मुद्दा हाच आहे. जिथं आज्ञावली लिहिली जाते तिथंच, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, तिच्यावर भार टाकून बघणं.

प्रोग्रामर मंडळी ज्या जागी काम करतात तिला विकास-वातावरण म्हणतात. सुताराची जशी कार्यशाळा, तशी ही. रंधा, करवत, पटाशी सगळं हाताशी. तिथंच आज्ञावली लिहायची, तिथंच चालवून पाहायची, तिथंच चुका शोधायच्या. पूर्वी भारचाचणी मात्र या कार्यशाळेच्या बाहेर असे. त्यासाठी वेगळी, महागडी साधनं, वेगळी माणसं आणि वेगळी तारीख. ती तारीख बहुधा उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यातली. मायक्रोसॉफ्टनं २००५ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ या आपल्या कार्यशाळेच्या टीम सिस्टीम आवृत्तीत हे काम आत आणलं. त्याच खिडकीत हालचालींची नोंद करायची, त्याच खिडकीत आभासी वापरकर्त्यांचा आकडा ठरवायचा. गर्दी एकदम आणायची की पायरीपायरीनं, हेही तिथंच सांगायचं. किती लोक नुसती यादी बघतील आणि किती अर्ज भरतील, याचं मिश्रणही ठरवायचं. एका संगणकाची ताकद पुरली नाही तर आणखी संगणक मदतीला जोडायचे.

आता भाचीच्या त्या चार ओळींत काय होतं, ते सांगतो. आज्ञावलीनं आधी विद्यार्थ्यांची यादी मागवली होती आणि मग यादीतल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी माहितीच्या कोठाराकडे पुन्हा एकेक फेरी मारली होती. लिहिणाऱ्याच्या संगणकावर नमुन्याला दहाच विद्यार्थी. म्हणजे अकरा फेऱ्या. डोळ्याचं पातं लवण्याआधी काम संपतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. खऱ्या कोठारात हजार विद्यार्थी असले की त्याच ओळी एक हजार एक फेऱ्या मारतात. त्यात अडीचशे माणसं एकदम आली, तर फेऱ्या अडीच लाखांवर. एकाच फेरीत सगळं आणता येत असताना! बाजारात जाऊन दहा वस्तू आणायच्या आणि एकेका वस्तूसाठी घरी परत यायचं, असा हा प्रकार. एकटा माणूस तपासत बसला तर हा दोष दिसत नाही, तो गर्दीतच दिसतो.

दुसरं कारण त्याहून गमतीचं आहे. माहितीच्या कोठाराशी बोलायला आज्ञावलीकडे ठरावीक वाटा असतात. बँकेत जशा खिडक्या, तशा. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट पद्धतीत एसक्यूएल सर्व्हरसाठी, कुणी मुद्दाम बदललं नाही तर, अशा जास्तीत जास्त १०० वाटा असतात. एकशेएकाव्याला थांबावं लागतं. तो १५ सेकंद थांबतो आणि तेवढ्यात वाट मोकळी झाली नाही, तर त्याच्या हातात चुकीचा संदेश पडतो.

या हिशेबामागे एक साधा नियम आहे. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकानं १९६१ मध्ये तो सिद्ध केला. आत किती माणसं असतील? तर दर सेकंदाला किती येतात, गुणिले प्रत्येकाला किती सेकंद लागतात. बस, एवढंच. सेकंदाला ५० अर्ज येतात आणि प्रत्येकाला २ सेकंद लागतात, तर कोणत्याही क्षणी आत १००. आपल्या वाटाही १००. सगळं सुरळीत. आता कोठार जरा थकलं आणि २ सेकंदांचं काम ३ सेकंदांवर गेलं, तर १५० वाटा हव्यात. आहेत १००च. म्हणजे सेकंदाला फक्त ३३ अर्ज मार्गी लागतात, १७ मागे उरतात. एका मिनिटात हजारभर माणसं ताटकळली. काम अवघं एका सेकंदानं मंदावलं आणि मिनिटाला हजार माणसांचा खोळंबा झाला. शिवाय आपण गप्प बसतो का? पान उघडलं नाही की पुन्हा बटण दाबतो, दुसऱ्या फोनवरून दाबतो, पुतण्यालाही दाबायला सांगतो. एकाची तीन माणसं होतात. म्हणून संकेतस्थळ हळूहळू मंदावत नाही, ते कोसळतं.

रांगेचं हे शास्त्र संगणकाहून जुनं आहे. डेन्मार्कचे ए. के. एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते. १९०९ मध्ये त्यांनी टेलिफोनच्या गर्दीवर पहिला निबंध प्रसिद्ध केला. इतक्या लोकांसाठी किती तारा लागतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. शंभरहून अधिक वर्षं झाली, प्रश्न तोच आहे.

आमच्याकडे लग्नाची दावत ठरली की बावर्ची पहिल्यांदा विचारतो, ‘‘माणूस किती?’’ पदार्थ कोणते, हे नंतर. कारण त्याला ठाऊक असतं, दहा माणसांच्या बिर्याणीला शंभरानं गुणलं की हजार माणसांची बिर्याणी होत नाही. तांदूळ गुणता येतो; पण चुली किती, देगी किती, वाढणारे हात किती, हे आधी जुळवावं लागतं. अडतं ते बहुतेक वेळा तांदळापाशी नाही, वाढणाऱ्यांपाशी.

‘माणूस किती?’ हा प्रश्न उशिरा विचारला की काय होतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह हे सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. पहिल्या दिवशी किती लोकांची विमानोंदणी पूर्ण झाली? अवघ्या सहा. लाख नाही, हजार नाही. सहा. नुसत्या योजना पाहायच्या तरी आधी खातं उघडा, अशी रचना केली होती. त्यामुळे सगळी गर्दी एकाच दरवाजाशी तुंबली. पुढं संसदेच्या समितीसमोर कंत्राटदार कंपन्यांनी सांगितलं, की सगळे भाग एकत्र जोडून केलेली चाचणी सुरू होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांतच झाली. खरं तर त्याला काही महिने हवे होते. मग धावपळ करून, तज्ज्ञ बोलावून, नोव्हेंबरअखेर ते एकाच वेळी ५० हजार माणसांना पेलेल असं करण्यात आलं. म्हणजे काम अशक्य नव्हतं. ते वरातीमागून घोडं झालं, एवढंच.

पण चाचणी केली म्हणजे निर्धास्त व्हावं, असंही नाही. ऑस्ट्रेलियानं ९ ऑगस्ट २०१६ रोजी जनगणना प्रथमच मुख्यतः इंटरनेटवरून घेतली. अपेक्षित गर्दीच्या दीडपट भार टाकून पाहिला आहे, असं तिथल्या सांख्यिकी खात्यानं आधी सांगितलं होतं. तरी त्या संध्याकाळी संकेतस्थळ बंद करावं लागलं आणि सुमारे ४० तास बंद राहिलं. बाहेरून मुद्दाम पाठवलेल्या खोट्या मागण्या आल्या, त्या अडवण्याची व्यवस्था पुरी पडली नाही आणि त्याच गडबडीत एक उपकरणही दगा देऊन गेलं. माणसं मोजली होती, पण उपद्रव मोजला नव्हता. जी गर्दी आपण मनात आणतो तिचीच चाचणी होते. मनात न आणलेली गर्दी दाराशी उभीच असते.

लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या चाचणीलाही अशाच मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. तिथं एकच संगणक पाहुणेही होतो आणि यजमानही. कोठार लहान, तार आखूड. त्यामुळे ‘हे संकेतस्थळ पाच लाख माणसं पेलेल’ असा दाखला त्या टेबलावरून देता येत नाही. त्यासाठी खऱ्यासारखी वेगळी मांडणी उभी करून मोठी चाचणी करावीच लागते. टेबलावरची चाचणी दोन गोष्टी सांगते. पहिला तडा कुठं जाईल, आणि काल जे काम एका सेकंदात होत होतं ते आज दोन सेकंदांवर का गेलं. दोष काल संध्याकाळी लिहिलेल्या ओळींत आहे हे आज सकाळी कळलं, तर तो दुपारपर्यंत निघतो. तोच सहा महिन्यांनी कळला, तर कुणी लिहिलं, का लिहिलं, हेच शोधण्यात दिवस जातात.

खोटी गर्दीही नीट बनवावी लागते. सगळ्या आभासी माणसांनी एकाच बैठक क्रमांकाचा निकाल मागितला, तर संगणक ते उत्तर एकदा काढून ठेवतो आणि सगळ्यांना तेच देतो. चाचणी उत्तम, निकाल फसवा. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा हवा, आईचं नाव वेगळं हवं. कुणी अर्ध्यातून उठून जाणारा हवा, कुणी चुकीचं नाव टाकणाराही हवा. आणि हा प्रयोग स्वतःच्याच संकेतस्थळावर करायचा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या दारावर अशी गर्दी सोडली, तर ती चाचणी नाही, हल्ला होतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चाचणीचा निकाल वाचायचा कसा? अहवालात बहुधा सरासरी लिहिलेली असते. समजा, १०० माणसांपैकी ९० जणांना एका सेकंदात उत्तर मिळालं आणि १० जणांना तीस सेकंद लागले. सरासरी निघते चार सेकंदांपेक्षाही कमी. साहेब म्हणतील, छान आहे. पण चार सेकंद तर एकालाही लागले नाहीत! नव्वद जण मजेत होते आणि दहा जण तिष्ठत होते. म्हणून जाणकार सरासरीवर विसंबत नाहीत. ते विचारतात, शंभरातल्या पंच्याण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला? इथं उत्तर येतं, तीस सेकंद. आणि मग खरं चित्र दिसतं.

त्या दहांत कोण असतं? कुणीही असेल. पण त्यात तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत बसलेली, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी एखादी मुलगीही असते. वडिलांनी त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते, परतीची एसटी पाचची असते आणि अर्जाची मुदत आजच संपत असते. तिच्यासाठी ते फिरणारं चक्र म्हणजे गेलेलं वर्ष असू शकतं. शहरातला माणूस वैतागतो आणि रात्री पुन्हा बसतो. तिला रात्र नसते. भारचाचणी ही तांत्रिक बाब आहे हे खरं. पण ती करायची की नाही, आणि शेवटच्या माणसाचा वेळ मोजायचा की सरासरीवर भागवायचं, हा न्यायाचा प्रश्न आहे.

साधनांचं म्हणाल, तर ती बदलत राहतात. व्हिज्युअल स्टुडिओतली ही सोय पुढे चालू ठेवणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये जाहीर केलं. २०१९ ची आवृत्ती ती सोय असलेली शेवटची ठरली आणि त्यांची इंटरनेटवरची त्या वेळची चाचणी-सेवा ३१ मार्च २०२० रोजी बंद झाली. पण काम थांबलं नाही. १९९८ पासून चालत आलेलं जेमीटर हे मुक्त साधन आहे. लोकस्ट, गॅटलिंग, के-सिक्स अशी नंतरची साधनं आहेत. त्यांत आभासी माणसांचं वागणं हीदेखील एक आज्ञावलीच असते. ती मूळ आज्ञावलीच्या शेजारी, त्याच कपाटात ठेवता येते. कुणी चार ओळी बदलल्या की ही चाचणी आपोआप चालवता येते. पंच्याण्णवावा माणूस ठरल्यापेक्षा जास्त ताटकळला, तर नवा बदल पुढं जाऊच द्यायचा नाही, अशी अटही घालता येते. ही साधनं फुकट मिळतात. म्हणजे ‘परवडत नाही’ ही सबब उरलेली नाही.

उरते ती सवय. आणि सवय मागणीतून लागते. रेल्वेच्या तिकिटांचं उदाहरण घ्या. आयआरसीटीसीची जुनी यंत्रणा मिनिटाला २,००० तिकिटं देऊ शकत होती. २०१४ मध्ये आलेल्या नव्या यंत्रणेची क्षमता मिनिटाला ७,२०० सांगण्यात आली. त्यानंतरही तत्काळच्या वेळी आपण चिडलो, चिडतोही. पण तिथं निदान एक आकडा लोकांसमोर ठेवला गेला. आकडा समोर असला की त्यावर बोलता येतं, जाब विचारता येतो.

प्रवेशाचं, अर्जाचं, निकालाचं नवं संकेतस्थळ सुरू होतं तेव्हा फीत कापली जाते, छायाचित्रं निघतात. त्या वेळी पत्रकारांनी, पालकांनी, आपल्या लोकप्रतिनिधींनी तीन प्रश्न विचारावेत. एकाच वेळी किती माणसांसाठी हे तपासलं? ही तपासणी बांधताना सुरू केली की बांधून झाल्यावर? आणि रांगेतल्या पंच्याण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला? निविदेच्या कागदात ही तीन उत्तरं लिहून घ्यायला फार खर्च येत नाही. जो हे आधी विचारतो, त्याला तहान लागल्यावर विहीर खणावी लागत नाही.

दहावीचा निकाल पुढल्या वर्षीही लागेल. तारीख जाहीर होईल, वेळ जाहीर होईल, मुलांचा आकडाही छापून येईल. त्याआधी कुठल्या तरी टेबलावर, आज्ञावली लिहिणाऱ्या कुणी तरी काही लाख खोटी मुलं त्या दारावर पाठवलेली असावीत. त्यांच्या आयांची नावं वेगवेगळी असावीत. आणि त्यातल्या अगदी शेवटच्या मुलालाही दार उघडं मिळालं की नाही, हे तिनं किंवा त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं.